न पाठवलेल्या संदेशाची शिक्षा

१० ऑक्टोबर १९४३, रविवार. आपल्या पंचांगाप्रमाणे ११ तिश्री ५७०४. आदल्या दिवशी, शब्बाथलाच, कीपूर झाला होता. म्हणजे आपल्या कोकणातल्या वाडवडिलांच्या भाषेत दारफाळणीचा सण संपून शिळा सण उजाडला होता. शिळ्या सणाला एकमेकांच्या घरी भेटीला जायचे, गोरगरिबांना काही द्यायचे, ही आपली जुनी रीत. त्याच सकाळी सिंगापूरच्या चांगी तुरुंगात जपानी लष्करी पोलीस शिरले. या पोलिसांना केंपेताई म्हणत. तुरुंगातल्या सगळ्या नागरी कैद्यांना त्यांनी अंगणात उभे केले आणि कोठड्यांची झडती सुरू केली. संध्याकाळपर्यंत माणसे अन्नाविना उघड्यावर होती. एकेकाचे नाव पुकारून त्याला बाहेर नेण्यात येत होते.

या घटनेला इतिहासात 'डबल टेन्थ' म्हणजे 'दुहेरी दहा' असे नाव पडले, कारण तारीख दहा आणि महिनाही दहावा. पुढच्या काही महिन्यांत सत्तावन्न कैदी पकडले गेले. त्यांतले पंधरा जण मरण पावले. त्यांच्यावरचा आळ असा होता की, त्यांनी तुरुंगातून चोरट्या रेडिओवर सांकेतिक संदेश पाठवले आणि सिंगापूरच्या बंदरातली जपानी जहाजे उडवून दिली.

असा एकही संदेश तुरुंगातून गेलेला नव्हता. ही हकिकत आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे मांडावी असे आमच्या मनात बरेच दिवस होते. एक तर त्या तुरुंगात आपले धर्मबांधवही होते. आणि दुसरे म्हणजे, रेडिओवर दूरदेशीची बातमी ऐकणारा माणूस संशयाला किती सहज बळी पडतो, हे ज्यू माणसाला जितके लवकर समजेल तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला समजेल.

प्रथम सिंगापूरच्या ज्यूंविषयी थोडेसे. ही मंडळी बहुतेक बगदादी. मुंबईच्या ससून घराण्याप्रमाणे त्यांचेही पूर्वज इराकमधून हिंदुस्थानमार्गे पूर्वेकडे व्यापाराला गेले. वॉटर्लू स्ट्रीटवरचे मगैन अबोथ सिनेगॉग १८७८ चे आणि दुसरे, खेसेद एल, १९०५ चे. युद्धापूर्वी तिथे हजाराच्या वर ज्यू होते. जपानी सैन्य जवळ येऊ लागले तेव्हा काही कुटुंबे बोटीने हिंदुस्थानात निघून आली. जे मागे राहिले त्यांच्यातल्या पुरुषांना १९४३ च्या पूर्वार्धात चांगी तुरुंगात डांबण्यात आले. हा तुरुंग १९३६ साली सुमारे सहाशे कैद्यांसाठी बांधलेला. त्यात आता इंग्रज आणि इतर नागरिक मिळून तीन हजारांच्या वर माणसे कोंबलेली होती. युद्धकैदी सैनिक वेगळे, ते जवळच्या बराकींत होते. डेव्हिड मार्शल, जे पुढे १९५५ साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झाले, ते स्वयंसेवक दलातून लढून युद्धकैदी झाले आणि त्यांना जपानच्या होक्काइडो बेटावर कष्टाला पाठवण्यात आले.

आता रेडिओकडे वळू. आम्ही आयुष्यभर मास्तरकी केली, तेव्हा थोडे समजावून सांगण्याचा मोह आवरत नाही. वाचकहो, आपल्या लहानपणचा वाल्व्हचा रेडिओ आठवा. पोस्टात जाऊन लायसन भरायचे, छताखाली जाळीची एरियल ताणायची, आणि काटा हळूहळू फिरवायचा. मीडियम वेव्हवर मुंबई स्पष्ट लागायची. पण बिनाका गीतमाला ऐकायची तर सिलोन, आणि सिलोन शॉर्ट वेव्हवर. लघुलहरींची गंमत ही की त्या जमिनीला धरून फार लांब जात नाहीत. त्या वर आकाशात जातात. सुमारे शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर वातावरणाचे विद्युतभारित थर आहेत. त्यांवर आपटून त्या पुन्हा खाली येतात, भिंतीवर मारलेला चेंडू परत यावा तशा. म्हणून हजारो मैलांवरचे केंद्र ऐकू येते, कधी स्पष्ट, कधी लाटेसारखे वरखाली होत.

यात दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. ऐकणे सोपे आहे. एक वाल्व्ह, तारेचे वेटोळे, कानाला लावायचा हेडफोन आणि थोडी वीज एवढ्यावर भागते. ऐकणारा कोठे बसला आहे हे दुसऱ्याला कळणे जवळजवळ अशक्य. पाठवणे मात्र अवघड. त्याला बरीच जास्त वीज लागते, चांगली एरियल लागते. शिवाय पाठवणारा आपला ठावठिकाणा स्वतःच सांगत असतो. वळती एरियल असलेली दोन केंद्रे लांब लांब बसवली, प्रत्येकाने आवाज कोणत्या दिशेने येतो ते पाहिले, आणि नकाशावर दोन रेषा ओढल्या, की त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पाठवणारा सापडतो.

पाठवलेला संदेश सगळ्या जगाला ऐकू येतो, म्हणूनच तो सांकेतिक करावा लागतो. जपानी आरमाराची एक पद्धत सांगतो, कारण ती उकलण्याचे काम सिंगापुरातच चालले होते. प्रत्येक शब्दाला एका पुस्तकात पाच आकड्यांची संख्या ठरवलेली असे. समजा 'जहाज' या शब्दाला ३२१४५. मग दुसऱ्या पुस्तकातून नुसतीच एक संख्या घ्यायची, समजा ४८९१७, आणि दोन्ही मिळवायच्या. पण मिळवताना हातचा धरायचा नाही. तीन आणि चार सात, दोन आणि आठ दहा म्हणून शून्य, एक आणि नऊ पुन्हा शून्य, चार आणि एक पाच, पाच आणि सात बारा म्हणून दोन. उत्तर ७००५२. हीच संख्या मोर्सच्या कड-कट्टमध्ये हवेत जायची. पुढच्या वेळी 'जहाज' शब्दाला निराळी संख्या मिळवली जाई, म्हणून तोच शब्द दुसऱ्याच वेषात दिसे. जपान्यांनी चूक पकडता यावी म्हणून एक नियम ठेवला होता. मूळ संख्येच्या आकड्यांची बेरीज तीनने भागली जाईल अशीच संख्या निवडायची. वरच्या ३२१४५ चीही बेरीज पंधरा येते. हाच नियम संकेत उकलणाऱ्या शत्रूलाही उपयोगी पडला.

संकेत उकलणारे हे ब्रिटिश कार्यालय आधी हाँगकाँगला होते आणि ऑगस्ट १९३९ मध्ये सिंगापूरला हलवण्यात आले. बेटाच्या उत्तरेला क्रांजी येथील बिनतारी केंद्रावर कानाला हेडफोन लावून माणसे रात्रंदिवस जपानी प्रक्षेपण टिपून घेत, आणि मग आरमारी तळावर बसलेली मंडळी त्यावर कागद-पेन्सिल घेऊन डोके चालवीत.

१९४१ च्या नोव्हेंबरात त्यांच्या हाती एक वेगळाच संदेश आला. टोकियोने १९ नोव्हेंबरला आपल्या परदेशातल्या वकिलातींना कळवले होते की, संबंध तुटण्याची वेळ आली आणि तारेने कळवणे अशक्य झाले, तर नेहमीच्या लघुलहरी बातम्यांत हवामानाचे शब्द घालू. पूर्वेचा वारा, पाऊस असे म्हटले तर अमेरिकेशी संबंध धोक्यात. उत्तरेचा वारा, ढगाळ म्हटले तर रशियाशी. पश्चिमेचा वारा, निरभ्र म्हटले तर इंग्लंडशी. हे शब्द ऐकताच सगळी सांकेतिक पुस्तके जाळून टाका. किती साधी युक्ती! बातम्या ऐकणाऱ्या हजारो लोकांना वाटणार हवामान सांगताहेत, आणि ज्याला ठाऊक आहे तो उठून कागद पेटवणार. सिंगापुरात उकललेले हे भाषांतर अमेरिकन आरमाराच्या आशियाई ताफ्यामार्फत २८ नोव्हेंबरला वॉशिंग्टनला रवाना झाले. मग सगळीकडे जाणकार माणसे टोकियोचे हवामान ऐकत बसली. पुढे झालेल्या चौकशीत असे दिसले की पर्ल हार्बरवर हल्ला होण्यापूर्वी ते शब्द कोणीच ऐकले नव्हते. हाँगकाँगला पश्चिमेचा वारा ऐकू आला तेव्हा लढाई सुरू होऊन काही तास झाले होते.

८ डिसेंबरला जपानी सैन्य मलायाच्या किनाऱ्यावर कोटा बारू येथे उतरले. जानेवारीत संकेत उकलणारी मंडळी पेट्या भरून कोलंबोला निघून गेली. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. शरण गेलेल्यांत हिंदी सैनिकच चाळीस हजारांहून अधिक होते. ज्या सिंगापुरातून शत्रूचे गुपित ऐकले जात होते तिथे आता मालक बदलला, आणि नव्या मालकाने लघुलहरी ऐकणे हाच गुन्हा ठरवला.

तरी माणसे ऐकत होतीच. चांगीत नागरी कैद्यांनी आणि युद्धकैद्यांनीही मिळतील ते भाग जमवून छोटे रेडिओ बनवले. पूर्वेकडच्या छावण्यांत पाण्याच्या बाटलीत बसवलेला रेडिओसुद्धा होता. त्यांना लंडन ऐकू येई, आणि आपले दिल्लीचे ऑल इंडिया रेडिओही. कोणी तरी चादरीखाली ऐकायचा, ते ध्यानात ठेवायचा, आणि सकाळी बातमी कानोकान पसरायची. पोटभर भात नसलेल्या माणसाला लढाई कोणत्या बाजूला झुकते आहे हे कळणे म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगायला नको. मुंबईकरांनाही हा अनुभव होता. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तोही लघुलहरींवर, ४२.३४ मीटरवर. त्या मात्र पाठवणाऱ्या होत्या. जागा बदलत बदलत त्यांनी ऑगस्टपासून काम केले आणि नोव्हेंबरात पोलिसांनी त्यांना गाठले.

आता या कथेतली दुसरी बाजू. सप्टेंबर १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरून एक मोडकीतोडकी मासेमारी बोट निघाली. ती मुळात जपानीच होती. तिला नवे नाव दिले होते 'क्रेट'. हा हिंदुस्थानातल्या एका विषारी सापाचा शब्द, आपण ज्याला मण्यार म्हणतो. मेजर आयव्हन लायन यांच्या हाताखाली तीत चौदा माणसे होती. त्यांनी अंगाला तपकिरी रंग फासला, कमरेला सारोंग गुंडाळले आणि बोटीवर जपानी निशाण लावले. बोटीवर बिनतारी यंत्र होते, ते चालवणारा तारायंत्रीही होता. पण त्यांनी मौन पाळले, कारण एक संदेश जरी हवेत गेला तरी शत्रूच्या नकाशावर दोन रेषा एकमेकींना छेदणार हे त्यांना ठाऊक होते. सिंगापूरजवळच्या एका लहान बेटावरून सहा जण तीन घडीच्या होड्यांत बसून वल्ही मारीत बंदरात शिरले. २६ सप्टेंबरच्या रात्री त्यांनी जहाजांना चुंबकाने चिकटणारे सुरुंग लावले आणि पहाटे सहा-सात जहाजे बुडाली किंवा निकामी झाली. १९ ऑक्टोबरला चौदाही जण सुखरूप परत पोहोचले. ती बोट आजही सिडनीच्या सागरी संग्रहालयात पाहायला मिळते.

जपान्यांना हे कोडे सुटेना. दोन हजार मैलांवरून कोणी येऊन आपल्या बंदरात असे करून जाईल हे त्यांच्या मनाला पटेना. मग त्यांनी असा हिशेब मांडला: बाहेरून कोणी आलेले नाही, तेव्हा काम आतल्यांचेच. आतले म्हणजे चिनी घातपाती. त्यांना हुकूम देणारे चांगीतले इंग्रज. हुकूम पोहोचवायचे तर रेडिओ हवा. झडतीत रेडिओ सापडले, तेव्हा सगळे सिद्ध झाले असे त्यांना वाटले. सापडलेले रेडिओ ऐकण्याचे होते, पाठवण्याचे नव्हते. हा फरक कोणाही बिनतारी जाणणाऱ्या माणसाने पाच मिनिटांत सांगितला असता. पण ज्याला आधीच उत्तर ठाऊक आहे तो उदाहरण तपासत नाही. वर्गातही आम्ही हे पाहिले आहे: मुलगा उत्तर मागे बघून ठेवतो आणि मग गणित त्याला जुळवून घेतो.

पकडलेल्यांना ऑर्चर्ड रोडवरच्या वाय.एम.सी.ए.च्या इमारतीत आणि इतर ठाण्यांत नेले. तिथे दिवसभर ताठ बसायचे, एकमेकांशी बोलायचे नाही, रात्रभर दिवा जळत असायचा, आणि चौकशीच्या नावाखाली जे होई त्याचे वर्णन या पानांवर करण्याची आमची इच्छा नाही. सगळ्यांत भयंकर गोष्ट ही की या माणसांकडे सांगण्यासारखे काही नव्हते. ज्याच्याकडे गुपित असते तो ते शेवटी सांगून तरी सुटू शकतो. ज्याच्याकडे ते नसते त्याने काय सांगावे? युद्धापूर्वी सरकारी प्रचारखात्यात असलेले रॉबर्ट स्कॉट या कटाचे मुख्य सूत्रधार समजले गेले. अँग्लिकन बिशप लेनर्ड विल्सन यांचा अतोनात छळ झाला. छळणारी माणसे एके काळी लहान मुले होती असे मनाशी आणून आपण द्वेषापासून वाचलो, असे त्यांनी पुढे सांगितले. लहान मुलांच्या कुपोषणाच्या रोगाचा शोध लावणाऱ्या डॉक्टर सिसिली विल्यम्स यांनाही त्याच कोठड्यांत ठेवले होते.

आणि एलिझाबेथ चॉय. त्या आमच्याच व्यवसायातल्या, शाळेतल्या शिक्षिका. युद्धाच्या काळात त्या आणि त्यांचे पती एका इस्पितळात उपाहारगृह चालवीत. चांगीतले आजारी कैदी तिथे आणले जात. त्यांच्या हाती नवरा-बायको पैसे, औषधे, चिठ्ठ्या आणि रेडिओचे भागसुद्धा गुपचूप पोहोचवीत. पती आधी पकडले गेले. पतीची चौकशी करायला गेलेल्या एलिझाबेथबाईही अडकल्या आणि सुमारे दोनशे दिवस कोठडीत राहिल्या. जहाजांविषयी त्यांना काहीच ठाऊक नव्हते आणि ठाऊक नसलेले त्यांनी कबूल केले नाही. युद्ध संपल्यावर छळणाऱ्यांची नावे सांगा म्हटल्यावर त्यांनी नकार दिला. दोष युद्धाचा आहे, युद्ध नसते तर तीही माणसे आपल्यासारखीच घरदार सांभाळून असती, असे त्यांचे मत होते. पुढे त्या सिंगापूरच्या विधिमंडळात बसल्या आणि अंध मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या.

याच दिवसांत, याच रस्त्यावर, आणखी एक घटना घडत होती. वाय.एम.सी.ए.पासून काही मिनिटांवर कॅथे इमारत आहे. तिथे २१ ऑक्टोबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली. डबल टेन्थनंतर जेमतेम अकरा दिवसांनी. सिंगापूरच्या रेडिओवरून नेताजींचा आवाज हिंदुस्थानात पोहोचत होता, आणि तो चोरून ऐकणारी माणसे मुंबईत घरोघर होती. म्हणजे पाहा, दिल्लीचा रेडिओ चांगीत चोरून ऐकला जात होता आणि सिंगापूरचा रेडिओ मुंबईत. दोन्हीकडे ऐकणाऱ्याच्या छातीत धडधड तीच. आपल्या समाजात सरकारी पलटणीत नोकरी करणारीही घरे होती आणि नेताजींचे नाव आदराने घेणारीही. हा इतिहास एका बाजूला उभे राहून पुरता दिसत नाही.

युद्ध संपल्यावर १८ मार्च १९४६ रोजी सिंगापुरात खटला उभा राहिला. आरोपी एकवीस, त्यांचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल सुमिदा हारुझो. १५ एप्रिलला निकाल लागला. आठ जणांना फाशी, तिघांना जन्मठेप, तिघांना मुदतीची कैद आणि सात जण निर्दोष सुटले. जहाजे कोणी उडवली हे तोपर्यंत उघड झालेले होते.

येथे एक प्रश्न अनेकांनी विचारला आहे आणि आम्हालाही तो सुटत नाही. ऑस्ट्रेलियातून गेलेल्या तुकडीने काम फत्ते केले हे इंग्रजांनी रेडिओवर जाहीर केले असते तर? एका वाक्याने चांगीतल्या माणसांवरचा आळ दूर झाला असता. पण तीच युक्ती पुन्हा वापरायची होती, म्हणून ते गप्प राहिले. पुढच्या वर्षी लायन पुन्हा तेवीस माणसे घेऊन गेले. त्या वेळी बेत फसला आणि तेवीसच्या तेवीस प्राणास मुकले. त्यांतल्या दहा जणांना ७ जुलै १९४५ रोजी, युद्ध संपायला जेमतेम सहा आठवडे राहिले असताना, सिंगापुरात ठार मारले. आपल्या धर्मात जीव वाचवण्यासाठी, पिकुआख नेफेशसाठी, शब्बाथही मोडता येतो. लष्करी गुपित मोडता येते की नाही? चांगीत माणसे छळली जात आहेत हे लंडनला त्या वेळी किती कळत होते, हेही पाहावे लागेल. निवाडा देणे आमचे काम नाही. पण मौनालाही किंमत असते आणि ती दुसरेच कोणी तरी भरते, एवढे मात्र मुलांना शिकवायला हवे.

खरा पाठवणारा कसा पकडला जातो हे आपल्या इस्राएलमधल्या वाचकांना सांगायला नको. एली कोहेन यांचे नाव रस्त्यांना आणि शाळांना दिलेले आहे. दमास्कसच्या आपल्या घरातून ते मोर्समध्ये संदेश पाठवीत. जानेवारी १९६५ मध्ये लहरींचा माग काढीत सीरियाचे पोलीस त्यांच्या दारापर्यंत आले, आणि १८ मे रोजी त्यांना भर चौकात फाशी दिले. एली कोहेन यांनी धोका समजून उमजून पत्करला होता. चांगीतल्या पंधरा जणांना असा पर्याय कोणी दिलाच नव्हता.

आणि आता मूळ मुद्द्याकडे येतो. सिंगापूरच्या ज्यूंचे मूळ बगदादचे, हे वर सांगितले. त्याच बगदादेत जून १९४१ मध्ये, शाबुओथच्या सणात, फरहूद झाला. सुमारे एकशेऐंशी ज्यू मारले गेले. त्याआधीचे काही आठवडे शहरात कुजबुज होती की ज्यू लोक ब्रिटिश विमानांना इशारे करतात. २७ जानेवारी १९६९ रोजी त्याच शहरात नऊ ज्यूंना हेरगिरीच्या आरोपाखाली जाहीर फाशी दिले. ज्याचे नातेवाईक सीमेपलीकडे आहेत, जो दुसऱ्या देशाच्या बातम्या ऐकतो, ज्याची प्रार्थना शेजाऱ्याला समजत नाही, त्याच्याविषयी लोकांना पटकन वाटते की हा कोणाला तरी काही तरी कळवत असणार. पुरावा लागत नाही. घरात एक खोके आणि एक तार सापडली की पुरे. आमच्या पिढीने हिंदुस्थानात हे अनुभवले नाही. आपल्या शेजाऱ्यांनी आपल्या रेडिओवर आपल्यासोबत बसून क्रिकेटची कॉमेंट्री ऐकली, आणि ती कोणत्या स्टेशनवरची आहे एवढेच विचारले. हे आपले भाग्य होते. बगदादच्या आणि चांगीच्या लोकांशी ताडून पाहिल्यावर ते किती मोठे होते हे कळते.

आपली नातवंडे हल्ली कामासाठी, फिरण्यासाठी सिंगापूरला जातात. त्यांना सांगा, मगैन अबोथला शब्बाथची तेफिल्ला करा, आणि रविवारी तिथून पायी निघा. दहा-पंधरा मिनिटांत ऑर्चर्ड रोडवर वाय.एम.सी.ए. येईल. जुनी इमारत १९८१ मध्ये पाडली. आता तिथे नवी आहे आणि केंपेताईच्या दिवसांची आठवण देणारी पाटी आहे. ती वाचायला दोन मिनिटे लागतात.

शेवटी एक विनंती. मलाया आणि सिंगापूरच्या आघाडीवर गेलेले आपले काका, मामा, आजोबा यांच्याविषयी कोणाच्या घरी पत्र, फोटो, पलटणीचा कागद किंवा नुसती ऐकलेली आठवण असेल, तर ती लिहून मासिकाकडे पाठवावी. लिहिणे जमत नसेल तर नातवंडांकडून रेकॉर्ड करून घ्यावी. मराठीत, हिब्रूत, कशीही चालेल. ती माणसे आता बोलायला उरलेली नाहीत, आणि ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकले ते आपणही ऐंशीच्या आसपास आलो आहोत.